दोन हजारांची चिठ्ठी

माझ्या ड्रॉवरमध्ये एक ऑर्डरची चिठ्ठी आहे. येस बँक, २०००, विक्री, चालू भावाने. खाली अण्णांची सही आणि तारीख, ६ मार्च २०२०. ती ऑर्डर मी टाकली नाही. इतक्या वर्षांत कितीदा तरी ड्रॉवर आवरला, पण ही चिठ्ठी फाडायला हात होत नाही.

मी सांगलीत एका शेअर दलालाच्या एजंटाच्या ऑफिसात डीलर आहे. बाहेरच्यांना वाटतं, आम्ही दिवसभर कुठला शेअर वर जाणार ते सांगत बसतो. आमचं काम ऑर्डर टाकायचं. क्लाएंट फोनवर बोलला तर बोलणं रेकॉर्ड होतं, समोर बसून बोलला तर त्याच्याकडून चिठ्ठी घ्यायची, वेळ टाकायची, टर्मिनलवर ऑर्डर मारायची आणि झालेला भाव त्याला वाचून दाखवायचा. ज्याच्या ऑर्डरचा पुरावा नाही ती ऑर्डर टाकायची नाही. आणि पुरावा हातात असताना ऑर्डर न टाकणं हा त्याहून मोठा गुन्हा. मला हे पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं.

अण्णा माझे क्लाएंट, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. मिळालेल्या पैशातले बरेचसे पोस्टात आणि थोडे शेअरमध्ये. शेअर म्हणजे त्यांच्यासाठी फक्त बँका. "कारखान्याचं आपल्याला काय कळतंय पोरी, बँक कशी असती ते कळतंय," असं म्हणायचे. पासबुक, ठेव, व्याज हे त्यांच्या ओळखीचं होतं, त्यामुळे बँकेचा शेअर म्हणजे जरा जास्त व्याज देणारी ठेव, असं त्यांच्या मनात बसलं होतं. हे त्यांच्या एकट्याचं नाही. आमच्याकडे येणाऱ्या पेन्शनरांपैकी निम्म्यांचा हाच समज असतो. आमच्या धंद्यातलं कुणी तो खोडून काढायला बसत नाही, कारण खोडला तर खरेदी होत नाही.

येस बँकेचे हजार शेअर त्यांनी २०१९ च्या शेवटी ६२ ला घेतले. भाव उतरला तसे फेब्रुवारीत आणखी हजार ३८ ला. सरासरी ५०, गुंतले एक लाख. काकूंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, नावाने वेगळं डीमॅट (शेअर ठेवायचं खातं) होतं, त्यात ९९ शेअर.

५ मार्चच्या संध्याकाळी रिझर्व्ह बँकेने येस बँकेवर निर्बंध घातले. ठेवीदाराला महिनाभरात ५० हजारांपेक्षा जास्त काढता येणार नाहीत. दुसऱ्या दिवशी शुक्रवार. बाजार उघडायच्या आधीच ऑफिसच्या जिन्यात माणसं उभी होती. आदल्या दिवशी ३६ च्या पुढे बंद झालेला शेअर बघता बघता वीसच्या, मग दहाच्या खाली गेला. एकजण सारखा विचारत होता, "सर्किट कसं लागत नाही?" साध्या शेअरला दिवसाची मर्यादा असते, तिथे पोचला की भाव त्यापुढे जात नाही. पण ज्या शेअरमध्ये फ्युचर-ऑप्शनचे, म्हणजे पुढच्या तारखेच्या भावावरचे, सौदे चालतात त्याला तशी पक्की मर्यादा नसते, ती सरकत जाते. त्या दिवशी ती सरकत सरकत साडेपाच रुपयांपर्यंत गेली. एका दिवसात शंभरातले ८५ जाताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

पडद्यावर १२ होते तेव्हा अण्णांनी चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली. हात थरथरत नव्हता. अक्षर नेहमीसारखं, गाडीच्या जॉबकार्डावर लिहावं तसं सुटंसुटं. म्हणाले, "काढून टाक सगळे."

मी म्हणाले, "अण्णा, घाबरून विकू नका. एवढी मोठी बँक सरकार बुडू देणार नाही. आठवडाभर थांबा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पडद्याकडे. "तू म्हणतीस तर थांबतो," म्हणाले आणि जिन्यावरच्या माणसांतून वाट काढत गेले. चिठ्ठी माझ्याकडेच राहिली. त्या संध्याकाळी शेअर १६ च्या वर बंद झाला आणि मला बरं वाटलं, हेही लिहायला हवं.

माझं वाक्य खरं ठरलं. बँक बुडू दिली नाही. स्टेट बँकेने १० रुपये भावाने ७,२५० कोटी घालायचं ठरवलं, बाकीच्या मोठ्या बँकाही आल्या. १३ मार्चला योजना राजपत्रात आली आणि त्यात एक कलम होतं. जुन्या भागधारकांपैकी ज्यांच्याकडे १०० किंवा त्याहून जास्त शेअर आहेत, त्यांचे ७५ टक्के शेअर तीन वर्षं विकता येणार नाहीत. आधीचा आठवडाभर सगळे ठेवींबद्दल बोलत होते. शेअरला कुलूप लागेल हे आमच्या एकाही क्लाएंटच्या कानावर आलं नव्हतं. माझ्याही नाही.

शनिवारी मी ते कलम तीनदा वाचलं. ९९ शेअरवाला पूर्ण मोकळा. १०० वाल्याचे पाऊणशे अडकले. काकूंचे ९९ सुटत होते आणि अण्णांच्या २००० मधले १५०० जात होते. योजनेला भांडवल टिकवायचं होतं, सगळ्यांनी एकदम विकलं असतं तर नवे पैसे घालणाऱ्या बँकांचं काय, हे मला समजतं. पण तीन वर्षं थांबायची ताकद ज्याच्यात आहे तो आणि एसटीचा पेन्शनर यांना एकाच मापाने मोजलं गेलं. हे मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. ठेवीला त्याच फेब्रुवारीत विम्याचं संरक्षण १ लाखावरून ५ लाख झालं होतं. अण्णांना वाटलं, शेअरलाही ते असेल. नाही, हे मी त्यांना त्या शनिवारी पहिल्यांदा सांगितलं. खरेदीच्या दिवशी सांगायला हवं होतं.

सोमवारी, १६ तारखेला, ऑफिसच्या टीव्हीवर दोनच विषय. एकीकडे कोरोना, दुसरीकडे मध्य प्रदेश. तिथलं सरकार डळमळत होतं आणि बहुमत चाचणीऐवजी कोरोनाचं कारण देऊन विधानसभा २६ तारखेपर्यंत तहकूब झाली. चारच दिवसांनी मुख्यमंत्री कमलनाथांनी राजीनामा दिला. क्लाएंट विचारत होते, सरकार पडलं तर बँकांचं काय होईल? एका राज्याच्या सरकारचा या बँकेशी काही संबंध नव्हता, पण घाबरलेल्या माणसाला दोन बातम्या वेगळ्या ठेवता येत नाहीत. सेन्सेक्स त्या दिवशी २,७१३ अंशांनी पडला. आणि त्या सगळ्या पडझडीत येस बँकेचा शेअर मात्र वर निघाला होता. विकता येणारे शेअरच कमी उरले होते, मग भाव चढणारच.

त्या सकाळी मी एक गोष्ट नीट केली. आमच्या बॅक ऑफिसच्या पडद्यावर अण्णांचे शेअर अजून २००० च दिसत होते, मोकळे. टर्मिनलने २००० ची विक्री मुकाट घेतली असती. पण दोन दिवसांनी डिलिव्हरी द्यायची वेळ आली असती तेव्हा डीमॅटमधून ५०० च निघाले असते. उरलेले १५०० शॉर्ट, कमी पडलेले, म्हणजे एक्स्चेंज ते लिलावातून विकत घेऊन समोरच्याला देणार आणि फरक आपल्या माथी मारणार. चढत्या शेअरमध्ये लिलावासारखं वाईट काही नाही. मी माझ्या यादीतल्या प्रत्येक नावासमोर हाताने चौथा हिस्सा लिहिला आणि तेवढ्याच्या पुढे एकही ऑर्डर घेतली नाही. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला सांगितलं, तो म्हणाला, "सिस्टीम घेतीय ना, मग?" त्याच्या एका क्लाएंटने सोमवारी तिशीत ८०० विकले. बुधवारी लिलाव झाला तेव्हा भाव त्याच्या दुप्पट होता. सिस्टीम घेते म्हणजे बरोबर आहे, असं मानणारी माणसं आमच्या धंद्यात फार झालीत. वरच्या ऑफिसने बदल करायला उशीर केला त्याबद्दल कुणी एका शब्दाने काही म्हटलं नाही.

बुधवारी, १८ तारखेला, शेअर ८७ च्या पुढे जाऊन आला. बारा दिवसांपूर्वी साडेपाच होता. त्याच संध्याकाळी सहाला ठेवींवरचे निर्बंध उठले. ठेवीदार तेरा दिवसांत मोकळा झाला. अण्णा काकूंना घेऊन आले होते. दोघांनी तोंडाला रुमाल बांधलेला. काकूंचे ९९ आणि अण्णांचे ५०० मी ७२ ला विकले. अण्णांनी माझ्या पॅडवर स्वतःच गुणाकार केला, २००० गुणिले ७२. खाली १,४४,००० लिहिलं, पेन्सिल ठेवली आणि काही बोलले नाहीत. काकू म्हणाल्या, "माझे सगळे निघाले की. यांचेच कसे अडकले?" मी १०० ची अट समजावून सांगितली. त्यांना ती समजली, हे आणखी अवघड होतं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. २३ मार्चला बाजार सकाळीच १० टक्के पडून पाऊण तास थांबवावा लागला, दिवसअखेर सेन्सेक्स ३,९०० हून जास्त अंश खाली. मग लॉकडाऊन. टर्मिनल घरी आलं, मी स्वयंपाकघरातल्या टेबलावरून ऑर्डरी टाकायला लागले. एप्रिलमध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं, सरल्या वर्षाच्या नफ्यातून लाभांश देऊ नका, भांडवल राखून ठेवा. कारण योग्यच होतं. पण अण्णांसारखी माणसं जूनच्या लाभांशावर घराचा पावसाळी खर्च बसवतात. त्यांच्याकडच्या चारही बँकांचा त्या वर्षी रुपया आला नाही. जुलैत येस बँकेने नवे शेअर १२ रुपयांनी विकायला काढले. ज्या भावाला अण्णा सगळे काढायला निघाले होते, तोच भाव.

मे २०२१ मध्ये रात्री नऊला अण्णांचा फोन आला. एवढ्या उशिरा त्यांनी कधीच केला नव्हता. काकू ऑक्सिजनवर होत्या, हॉस्पिटलने डिपॉझिट मागितलं होतं. आवाज अगदी हळू. "ते पंधराशे निघत नाहीत ना अजून?"

मी म्हणाले, "नाही अण्णा. २०२३ पर्यंत नाही."

"गहाण?"

"तेही नाही."

"बरं," म्हणाले. मी पैसे देऊ का विचारलं, ते नको म्हणाले. इतर बँकांचे थोडे शेअर सकाळी विकायला सांगितले. त्याचे पैसे हातात यायला तिसरा दिवस उजाडणार होता, तेव्हा टी प्लस दोन होतं, म्हणजे सौद्यानंतर दोन कामाच्या दिवसांनी पैसे. पंधराशेचे त्या दिवशीचे वीस हजारच झाले असते. तेवढ्यावर काही अवलंबून नव्हतं, भाच्याने पैसे आणले, काकू बऱ्या होऊन घरी आल्या. पण तो "बरं" माझ्या कानातून जात नाही.

१३ मार्च २०२३ ला, सोमवारी, कुलूप उघडलं. तीन वर्षं थांबलेले एकदम विकायला धावणार हे ठरलेलंच होतं, शेअर सकाळीच घसरला. अण्णा दहाच्या आत आले. चिठ्ठी घरूनच लिहून आणलेली: १५००, विक्री, चालू भावाने. मी वेळ टाकली आणि लगेच ऑर्डर मारली. १५ ला गेले.

माझ्याकडे तीन वर्षं एक हिशोब तयार होता. त्या शुक्रवारी १२ ला २००० विकले असते तर हातात २४ हजार आले असते. थांबल्यामुळे ७२ ने ५०० चे ३६ हजार आणि आता पंधराशेचे साडेबावीस, मिळून साडेअठ्ठावन्न. म्हणजे माझ्यामुळे त्यांचे साडेचौतीस हजार वाचले. रात्री झोप लागत नसे तेव्हा मी हाच हिशोब घोकत असे. त्या दिवशी तो त्यांना सांगितला. ड्रॉवरमधून जुनी चिठ्ठी काढून पुढे ठेवली.

अण्णांनी चिठ्ठी उलटसुलट करून बघितली. स्वतःच्या सहीवर अंगठा ठेवला.

"हिशोब बरोबर आहे तुझा," म्हणाले. "पण मला त्या दिवशी विकायचे होते."

मी काहीच बोलू शकले नाही. त्यांनी चिठ्ठी टेबलावर माझ्याकडे सरकवली आणि विचारलं, साडेबावीस हजार खात्यात कधी येतील. मी म्हणाले, आता टी प्लस एक झालंय, उद्याच.