एका पीव्हीआयडीपायी रविवार गेला

मावसभावाचा दहावी-बारावीचा क्लास आहे. चार कॅमेरे, त्यांचं रेकॉर्डिंग करणारा एनव्हीआर, ऑफिसचा पीसी आणि पोरांचं वायफाय, सगळं एकाच नेटवर्कवर. पोरं वायफायवरून एनव्हीआरचं लॉगिन पेज उघडून पासवर्ड ट्राय करतायत हे त्याच्या लक्षात आलं आणि मला फोन, "तू ते नेटवर्कचंच करतोस ना, ये की रविवारी." म्हटलं आठ पोर्टचा छोटा मॅनेज्ड (सेटिंग करता येणारा) स्विच आहे, तासाभराचं काम, मग मिसळ खाऊन घरी.

एकाच स्विचवर तीन वेगळी नेटवर्कं, म्हणजे व्हीलॅन, करायची, प्रत्येकाला एक नंबर. ऑफिस व्हीलॅन १ वरच राहू दिलं (आळस, दुसरं काय), कॅमेऱ्यांना २०, वायफायला ३०. पोर्ट १ ला राउटर, तो २० आणि ३० मध्ये टॅग्ड (म्हणजे डेटावर व्हीलॅनचा नंबर लावलेला). ४ ते ८ वर एनव्हीआर आणि कॅमेरे, ते २० मध्ये अनटॅग्ड आणि १ मधून काढून टाकले. अप्लाय केलं आणि एनव्हीआरच्या स्क्रीनवर चारही चौकोन काळे.

केबल बदलल्या, कॅमेरे बंद-चालू केले, काही नाही. पोर्ट ५ ला लॅपटॉप लावला तर आयपी १६९.२५४ वाला, म्हणजे राउटरकडून आपोआप आयपी देणारं डीएचसीपीच मिळत नाही. पण राउटरच्या लॉगमध्ये डिस्कव्हर (आयपीची मागणी) येतोय, ऑफर (त्याचं उत्तर) जातेय, परत डिस्कव्हर, परत ऑफर, आणि तेही व्हीलॅन १ वर! तिथे ट्यूब पेटली. या स्विचमध्ये पीव्हीआयडीचं पान वेगळं आहे आणि तिथे सगळे पोर्ट अजून १ वरच होते.

कुठला पोर्ट कुठल्या व्हीलॅनमध्ये, या मेंबरशिपच्या टेबलवरून ठरतं की कुठल्या व्हीलॅनची फ्रेम (डेटाचं पाकीट) या पोर्टातून बाहेर पडेल आणि टॅग लावून की काढून. आत येणाऱ्या बिनटॅगच्या फ्रेमला कुठला नंबर चिकटवायचा ते पीव्हीआयडी ठरवतो. त्यामुळे लॅपटॉपची हाक १ मध्ये शिरून राउटरपर्यंत पोचत होती आणि उत्तर परत यायला वाटच नव्हती, कारण १ मधून तो पोर्ट मीच काढला होता. सिस्कोवर स्विचपोर्ट अ‍ॅक्सेस व्हीलॅन २० एवढं मारलं की दोन्ही एकदम होतं, तीच सवय नडली. ४ ते ८ चा पीव्हीआयडी २०, वायफायच्या पोर्ट ३ चा ३० केला, अर्ध्या मिनिटात चित्र आलं.

सेव्ह कॉन्फिगचं बटणही वेगळंच, ते दाबलं नाही आणि लाइट गेली की सगळं पुन्हा पहिल्यापासून, तेवढं आठवलं नशिबाने.

निघताना सहज मोबाइल पोरांच्या वायफायला जोडून एनव्हीआरचा आयपी टाकला तर लॉगिन पेज हजर! स्विचने वेगळं केलेलं राउटर इमानदारीत एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात रूट करत होता. ३० कडून १ आणि २० ला जाणारं सगळं फायरवॉलमध्ये ब्लॉक केलं तेव्हा कुठे पेज उघडायचं थांबलं. तोवर चार वाजले होते आणि मिसळवाल्याने शटर ओढलेलं.