मेइजी जिंगूचं लावलेलं जंगल

तोक्योत हाराजुकु स्टेशनातून बाहेर पडलं की दोन मिनिटांत मेइजी जिंगू या शिंतो देवळाची पहिली तोरी कमान लागते आणि झाडी सुरू होते. बहुतेक लोक साकेच्या (तांदळाच्या दारूच्या) पिंपांपुढे फोटो काढतात, देवळात टाळ्या वाजवून नमस्कार करतात आणि अर्ध्या तासात परत बाजाराच्या गर्दीत शिरतात. मला याचं वाईट वाटतं. इथं बघण्यासारखी आहे ती ही सत्तर हेक्टरची झाडी, आणि ती माणसांनी लावलेली आहे.

१८६८ साली एदोचं तोक्यो झालं, सम्राट मेइजी क्योतोहून इथं आले. १८७२ मध्ये शिम्बाशी ते योकोहामा रेल्वे धावली, शहर वाढत गेलं. १९१२ मध्ये सम्राट वारले, समाधी मात्र क्योतोजवळ मोमोयामाला झाली. तेव्हा निदान त्यांचं देऊळ तरी आमच्याकडे हवं, असा तोक्योकरांनी आग्रह धरला.

पंतप्रधान ओकुमा शिगेनोबु यांना निक्को या डोंगराळ देवस्थानासारखे उंच जपानी सीडर हवे होते. वनतज्ज्ञ होंदा सेइरोकु अडून बसले. सीडरला ओल लागते. योयोगीची, म्हणजे या देवळाच्या जागेची, माती कोरडी, वर वाढत्या शहराचा धूर. निक्को आणि तोक्यो इथल्या सीडरची वाढ त्यांनी मोजून समोर ठेवली, तेव्हा ओकुमा नमले. शहर वाढवणाऱ्या त्या पहिल्या रेल्वेसाठी तरुणपणी भांडलेले ओकुमा हेच!

मग थरांनी लागवड झाली. सर्वांत वर आधीचे पाईन, मध्ये हिनोकी आणि सावारा हे सूचिपर्णी वृक्ष, त्याखाली काशी (सदाहरित ओक), शी (ओकच्याच कुळातलं झाड) आणि कापराची रोपं. खालची रुंद पानांची झाडं वाढली की सावलीत पाईन मरणार, मग मधला थर मागे पडणार, आणि पुढे बी पडून जंगल आपोआप टिकणार, असा हिशेब. देशभरातून सुमारे १ लाख झाडं दान आली, लाखाहून जास्त तरुणांनी श्रमदान केलं. १९२० मध्ये देऊळ उभं राहिलं. आज वर बघा, कापूर आणि काशीच दिसतात.

वाटेवर रुंद झाडू घेतलेले झाडूवाले दिसले तर थांबा. गोळा केलेली पानं ते कचऱ्यात टाकत नाहीत, वाटेच्या कडेनं पुन्हा झाडांखाली लोटतात. खत तेच. पडलेलं खोडही आतच कुजू देतात.

वाट खडीची आहे, चाकांची बॅग रुतते. ती स्टेशनच्या लॉकरमध्ये ठेवलेली बरी. सम्राटांच्या आयुष्यावरची ८० मोठी चित्रं शिनानोमाची स्टेशनजवळच्या चित्रशाळेत आहेत, त्यात रेल्वेच्या उद्घाटनाचंही एक आहे. ती दुसऱ्या दिवशी बघा. देवळाचे दरवाजे सूर्योदयाला उघडतात आणि सूर्यास्ताला बंद होतात, डिसेंबरात तर चारलाच. म्हणून सकाळीच या.