मित्राकडे हिशेब मागावा का?

अमेरिकेच्या लष्करी मदतीविषयी मी काही लिहिले की एक प्रश्न हमखास येतो: मित्रदेशाला शस्त्रे द्यायची आणि वर त्यांचा हिशेब मागायचा, हा त्या मैत्रीचा अपमान नव्हे का? तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून उत्तर देते. अपमान तर नाहीच, उलट हिशेब न मागणे मला बेजबाबदारपणाचे वाटते. कारण पैसा करदात्यांचा असतो आणि ती शस्त्रे ज्यांच्यावर चालतात त्यांना कोणीच विचारलेले नसते.

अफगाण हवाई दलासाठी घेतलेल्या जी-२२२ मालवाहू विमानांचे काय झाले, ते पाहा. योजनेवर सुमारे ५५ कोटी डॉलर खर्ची पडले, सुटे भाग मिळेनात, आणि विमाने काबूलच्या विमानतळावर झाडाझुडपांत उभी राहिली. अफगाणिस्तानवरच्या अमेरिकी खर्चाची तपासणी करणाऱ्या विशेष महानिरीक्षकांनी विचारणा सुरू केली तोवर योजनाच गुंडाळली गेली होती. २०१४ मध्ये १६ विमाने पौंडभर वजनाला ६ सेंट या दराने भंगारात गेली आणि हाती आले जेमतेम ३२,००० डॉलर.

युक्रेनचे उदाहरण निराळे आहे. जानेवारी २०२४ मध्ये पेंटागॉनच्या, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याच्या, महानिरीक्षकांनी सांगितले की विशेष देखरेखीखालच्या सुमारे १.७ अब्ज डॉलरच्या शस्त्रांपैकी १ अब्जाहून अधिक किमतीच्या शस्त्रांची नोंद वेळेवर झालेली नव्हती. शस्त्रे चोरीला गेली, असा याचा अर्थ नव्हे. प्रत्येक क्षेपणास्त्रावरचा अनुक्रमांक प्रत्यक्ष पाहून पडताळायचा असतो आणि आघाडीवर अमेरिकी निरीक्षक जात नाहीत. म्हणून युक्रेनी सैनिकांच्याच हाती बारकोड स्कॅनर देण्यात आले. मला ही सुधारणा फार मोलाची वाटते, कारण तिच्यात मित्रच हिशेब ठेवतो.

खरी अडचण कायद्याच्या फटींत आहे. अमेरिकी कायद्यातल्या १९९७ पासूनच्या ‘लेही’ नावाच्या तरतुदीनुसार मानवी हक्कांची घोर पायमल्ली केल्याची विश्वसनीय माहिती असलेल्या लष्करी तुकडीला मदत देता येत नाही. प्रशिक्षणाला येणाऱ्या तुकडीची छाननी आधी होऊ शकते, पण घाऊक पाठवलेली शस्त्रे पुढे कोणत्या तुकडीकडे जाणार हे अनेकदा ठाऊकच नसते. ते आधी कळवण्याचे बंधन घेणाऱ्या देशावर हवे. इजिप्तला अमेरिकेकडून वर्षाला १.३ अब्ज डॉलर मिळतात, त्यातला काही भाग मानवी हक्कांच्या अटींना बांधलेला असतो. तरी २०२४ मध्ये अमेरिकी परराष्ट्रमंत्र्यांनी राष्ट्रीय हिताचे कारण देऊन अटींतून सूट दिली आणि सगळी रक्कम मोकळी झाली. अशी सूट देताना कोणती अट पाळली गेली नाही आणि तरीही पैसे का द्यायचे, हे अमेरिकी संसदेसमोर, म्हणजे तिथल्या काँग्रेससमोर, खुलेपणाने, कलमवार मांडायला लावावे, एवढीच माझी मागणी आहे.