नॉर्वे महाग आहेच, पण आम्ही आठ दिवस कसे काढले (माझा अनुभव)

२०२४ च्या ऑगस्टमध्ये मी आणि आई नॉर्वेला जाऊन आलो, ओस्लो आणि बर्गन एवढंच केलं. व्हिसाचं फार सांगत नाही, शेंगेनच (युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) लागतो, फी ९० युरो, व्हिसा सेंटरचा चार्ज वेगळा, आणि ३०,००० युरोचं कव्हर असलेला इन्शुरन्स लागतोच.

खरा खर्च खाण्याचा असतो. आम्ही शनिवारी रात्री पोचलो आणि रविवारी सकाळी कळलं की तिथे रविवारी सुपरमार्केट जवळपास सगळी बंद, एखादं छोटं दुकान उघडं असतं पण तिथे भाव चढे. स्टेशनजवळच्या कॅफेत दोन सँडविच दोन कॉफी घेतली, ३०० क्रोन (तिथलं चलन), म्हणजे तेव्हाच्या दराने एका क्रोनला साधारण ८ रुपये धरले तर २४०० रुपये! आईच्या घशाखाली तो सँडविच उतरेना. त्यामुळे माझं कळकळीचं सांगणं, शनिवारी संध्याकाळच्या आत पोचा आणि आधी किराणा भरा.

रूम किचनवालीच घ्या, दिसायला थोडी महाग वाटते पण दोन दिवसांत वसूल. सोमवारपासून आम्ही रेमा १००० आणि किवी या दुकानांतून अंडी, बटाटे, ब्रेड आणायचो, किवीत फर्स्ट प्राईस नावाच्या ब्रँडचा साधा माल असतो तो स्वस्त पडतो. ओस्लोत ग्रोनलँड भागात डाळ, तांदूळ, कोथिंबीर, मिरच्या सगळं मिळालं. घरून गोडा मसाला, मेतकूट आणि दाण्याची चटणी नेली होती, पण तूप, पेढे, पनीर नेऊ नका, युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. पाण्याची बाटली तर अजिबात विकत घेऊ नका, नळाचं पाणी इतकं गार आणि गोड लागतं की आई रोज कौतुक करायची.

एअरपोर्टवरून ओस्लोत यायला एक्सप्रेसऐवजी साधी ट्रेन घेतली, चार-पाच मिनिटांचा फरक आणि भाडं जवळपास निम्मं. ओस्लो ते बर्गनचं तिकीट मात्र मी दोन-अडीच महिने आधी काढलं होतं, स्वस्त कोटा संपला की तेच तिकीट दुप्पट होतं. सात तासांचा प्रवास आहे पण झोपू नका हां, फिन्से स्टेशन १२२२ मीटरवर आहे आणि तिथून ऑगस्टमध्येसुद्धा हिमनदी दिसते, आईने तेव्हा माझा हात घट्ट धरला होता, काही बोलली नाही. वाटेतून फ्लॉम गावाला उतरणारी प्रसिद्ध डोंगरी ट्रेन आम्ही सोडली, २० किलोमीटरला दोघींचं मिळून भाडं फारच होत होतं, आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही.

बर्गनला फ्लॉयन डोंगर आहे, वर ३२० मीटरपर्यंत जायला छोटी रेल्वे आहे पण आम्ही चालत गेलो. आई पासष्टची आहे, पण सिंहगड चढणाऱ्या माणसाला तो रस्ता सोपा आहे, वळणावळणाचा आणि सावलीचा. रेनकोट मात्र हवाच, बर्गनमध्ये पाऊस कधीही येतो. वर बाकावर बसून आम्ही डब्यातला मेतकूट-भात खाल्ला, खाली पूर्ण बंदर दिसत होतं, आणि आई म्हणाली, अगं, अजून अर्धा तास बसू या ना.