गाडीचं सहावं वर्ष

गाडी कोणती घ्यावी हे विचारायला कुणी आलं की मी आधी त्यांचा रोजचा रस्ता विचारते. दिवाळीत कोकणात जायचंय, पोरांना महाबळेश्वर दाखवायचंय, हे सगळं नंतर. सोमवार ते शनिवार चाक कुठं फिरतं ते सांगा. माझं फिरतं जुळे सोलापूर ते चिंचोळी एमआयडीसी. सात रस्ता, जुना पुणे नाका, बाळे, केगाव, मग हायवे. जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर, निम्मे गर्दीतले आणि निम्मे मोकळे. टॉवेलच्या कारखान्यात मी हिशेब बघते. त्यामुळे गाडीचा विचारही माझ्या डोक्यात खतावणीसारखाच येतो: काय येणे, काय देणे, आणि किती वर्षांवर पसरायचं.

या हिशेबातून माझं एक मत पक्कं झालंय. रोजच्या वापराची गाडी पहिली पाच वर्षं तुमच्याकडून घेते आणि सहाव्या वर्षापासून परत द्यायला लागते. निवड, देखभाल, लीज (म्हणजे ठरावीक वर्षांसाठी मासिक भाड्यानं घेतलेली गाडी) की खरेदी, सगळे प्रश्न शेवटी तिथंच येतात. ही गाडी तुमच्याकडे सहाव्या वर्षात धडधाकट पोहोचणार आहे का?

माझी निवड फार चर्चेशिवाय झाली. सीएनजीची वॅगनआर, पांढरी, कंपनीनं बसवलेल्या किटची. सासूबाईंचे गुडघे दुखतात. शोरूमला जाताना त्यांनाच सोबत नेलं आणि दोन-तीन गाड्यांत चढा-उतरायला लावलं. बुटक्या गाडीत माणूस खाली बुडतो आणि उठताना दाराला लोंबकळतो. वॅगनआरमध्ये त्या खुर्चीवर बसाव्यात तशा सरळ बसल्या आणि म्हणाल्या, "हीच घे गं." कंपनी किलोला ३४.०५ किलोमीटरचा आकडा सांगते. तो चाचणीतला आकडा, आपल्याकडं मे महिन्यात एसी लावून सात रस्त्याच्या सिग्नलला थांबत गेलं की तेवढं पडत नाही. तरीही पेट्रोलपेक्षा फरक ठळक पडतो. याची किंमत म्हणजे डिकी. टाकीनं ती खाल्लेलीच असते. अक्कलकोटला घरचे सगळे निघालो की पिशव्या मांडीवर. आणि तुळजापूरच्या घाटात पाच माणसं आणि एसी असले की गिअर खाली घ्यावाच लागतो. हे आधी माहीत असलं की त्रास वाटत नाही. टाकीची तपासणी दर तीन वर्षांनी करून घ्यायची असते, ती तारीख मी विम्याच्या तारखेशेजारी लिहून ठेवलीय.

डिझेलचा विचार मी केलाच नाही. बीएस-सहा, म्हणजे प्रदूषणाच्या सध्याच्या नियमांच्या, डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी धरून ठेवणारी जाळी असते. ती काजळी जळून जायला गाडी अधूनमधून हायवेला सलग, गरम होईपर्यंत पळावी लागते. घर ते भाजी मंडई ते क्लास एवढंच ज्यांचं फिरणं, त्यांनी डिझेल घेतलं की जाळी तुंबते. रोज मोहोळ-टेंभुर्णी करणाऱ्यांनी खुशाल घ्यावी. विजेची गाडी माझ्या रस्त्याला चोख बसली असती, पण आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये माझ्या मीटरवरून तार ओढायला सोसायटीची संमती हवी, ती अजून झालेली नाही. ज्यांचं स्वतःचं घर आणि अंगण आहे, त्यांनी मात्र विजेच्या गाडीचा विचार आधी करावा असं मला मनापासून वाटतं.

आता देखभाल. इथं मी जरा जास्त बोलणार आहे. कारण कंपनीचं पुस्तक सगळ्या देशासाठी छापलेलं असतं आणि गाडी सोलापुरात चालवायची असते. दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल तेव्हा सर्व्हिस, एवढं पुस्तक सांगतं. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो आणि उघड्यावर उभ्या गाडीचं स्टिअरिंग हाताला चटका देतं, हे पुस्तकाला ठाऊक नाही.

पहिली गोष्ट पाणी. आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही. सगळा भार बोअरवर, आणि बोअरचं पाणी जड. घरात गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तोच थर इंजिन थंड ठेवणाऱ्या रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. गॅरेजच्या मिस्त्रींनी मला एकदा एका जुन्या गाडीचा काढलेला रेडिएटर दाखवला होता. नळ्यांची तोंडं खडूनं बुजवल्यासारखी दिसत होती. म्हणाले, "ताई, लोक काय करतात, कूलंट कमी झालं की बाटलीतलं पाणी ओततात. एकदा ओतलं, दोनदा ओतलं, तिसऱ्यांदा इंजिन माझ्याकडं येतंय." कूलंट म्हणजे रेडिएटरमधून फिरणारा, इंजिन थंड ठेवणारा द्रव. त्यातलं ग्लायकॉल पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवतं आणि त्यातली बाकीची रसायनं गंज धरू देत नाहीत. त्यात साधं पाणी ओतलं की दोन्ही कामं बिघडतात. म्हणून माझ्या गाडीत त्याच प्रतीच्या कूलंटची बाटली कायम असते. अगदीच अडलं तर डिस्टिल्ड वॉटर, पण बोअरचं पाणी नाही. आणि तापमानाचा काटा वर गेला तर बाजूला थांबायचं, इंजिन बंद करायचं आणि थंड होईपर्यंत रेडिएटरच्या टोपणाला हात लावायचा नाही. आत दाबाखाली उकळतं पाणी असतं, ते थेट तोंडावर येतं.

याच पाण्यानं गाडी धुतली आणि उन्हात वाळू दिली की काचेवर आणि रंगावर पांढरे डाग धरतात. ते नंतर घासून निघत नाहीत. मी गाडी सूर्य उगवायच्या आत धुते आणि लगेच कोरड्या फडक्यानं पुसते. फडक्याला काय तोटा, टॉवेलच्या गावात राहतो आपण. काच धुणाऱ्या वॉशरच्या टाकीतही बोअरचं पाणी नको, तिथली फवाऱ्याची भोकं बुजतात.

दुसरी गोष्ट बॅटरी. थंडीत बंद पडते म्हणून लोकांना बॅटरीची शत्रू थंडी वाटते, पण तिचं आयुष्य उन्हाळा खातो. उष्णतेनं आतली झीज भराभर होते, साध्या बॅटरीतलं पाणी उडतं. आपल्याकडं तिसरं वर्ष संपलं की मी फेब्रुवारीतच तपासून घेते. मार्चअखेरीच्या हिशेबाच्या गडबडीत गाडी बंद पडायला नको.

टायरमध्ये हवा सकाळी, गाडी फिरवायच्या आधी तपासायची. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावरचा आकडा थंड टायरचा असतो. पुष्कळजण दुपारी हायवेवरून येऊन तापलेल्या टायरमध्ये हवा बघतात, आकडा वाढलेला दिसतो आणि हवा सोडून देतात. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि उन्हाळ्यात फुटणारा टायर बहुतेक वेळा तोच असतो. टायर घेताना बाजूवरचे चार अंक वाचा. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. दुकानात दोन वर्षं पडून राहिलेला टायर नवा म्हणून घेऊ नका. आणि दर उन्हाळ्यात मोबाइलवर फिरणारा तो संदेश, पेट्रोलची टाकी पूर्ण भरली तर स्फोट होतो म्हणे, त्याला इंडियन ऑइलनं स्वतः खुलासा करून खोटं ठरवलंय. कंपनीनं सांगितलेल्या क्षमतेपर्यंत टाकी भरा.

सोलापूरच्या पूर्वभागात किंवा एमआयडीसीत ज्यांच्या गाड्या दिवसभर उभ्या असतात त्यांच्यासाठी एक खास सूचना. मागाच्या शेडजवळ कापसाची बारीक तूस हवेत असते. ती केबिन फिल्टरवर (गाडीच्या आत येणारी हवा गाळणारा) आणि बॉनेटखाली पुढं असलेल्या एसीच्या जाळीवर बसते, वर धूळ बसते, आणि मग एसी थंड करत नाही म्हणून लोक गॅस भरायला धावतात. आधी जाळी साफ करून बघा. माझा केबिन फिल्टर मी सर्व्हिसची वाट न बघता मध्ये एकदा काढून झटकते, ग्लोव्ह बॉक्सच्या मागं असतो, पाच मिनिटांचं काम.

गळीत हंगाम सुरू झाला की हेडलाइटची उंची तपासून घ्या. संध्याकाळी केगावच्या पुढं दोन-दोन ट्रेलर जोडलेले उसाचे ट्रॅक्टर असतात, कित्येकांना मागं दिवा नसतो, रिफ्लेक्टर नसतो. आपला उजेड खाली पडला असेल तर ट्रेलर दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. या दिवसांत मी अंधारात साठच्या वर जात नाही. मागचा कितीही हॉर्न वाजवो.

एवढं सगळं सांगण्याचं कारण माझा भाचा. हिंजवडीत नोकरीला आहे. परवा फोनवर म्हणाला, "मावशी, गाडी विकत घेण्यात आता अर्थ नाही. लीजवर घेतो, महिन्याला पैसे टाकायचे, सर्व्हिस त्यांची, विमा त्यांचा." म्हटलं, असेलही, पण आधी आकडे मांडू.

समजा गाडी रस्त्यावर आठ लाखांना पडली. विम्याच्या तक्त्यात गाडीची किंमत एक वर्ष झाल्यावर वीस टक्के, चार वर्षं झाल्यावर पन्नास टक्के कमी धरतात. बाजारभाव थोडा वेगळा असतो, पण पाच वर्षांत चार लाख गेले असं धरू. महिन्याला ६,६६७ रुपये. सहा लाखांचं कर्ज नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता १२,४५५, आणि एकूण व्याज सुमारे १ लाख ४७ हजार. म्हणजे महिन्याला २,४५५. विमा, सर्व्हिस, टायर मिळून महिन्याला तीन हजार धरू. बेरीज बारा हजारांच्या जरा वर. पाच वर्षं गाडी स्वतःची ठेवण्याची ही खरी मासिक किंमत. लीजचं कोटेशन याच्याशी ताडून बघायचं, हप्त्याशी नाही. वर जे असेल ते झंझट न घेण्याचे पैसे.

आणि सहाव्या वर्षी? हप्ता संपलेला, किमतीतली घसरण मंदावलेली. आता महिन्याचा खर्च निम्म्याच्या आसपास येतो, अट एकच, आधीची पाच वर्षं गाडी नीट सांभाळलेली हवी. लीजमध्ये हे सहावं वर्ष येतच नाही. दर तीन-चार वर्षांनी नवी गाडी, आणि दर वेळी सगळ्यात महाग वर्षं तुमच्या वाट्याला. दहा वर्षं एक गाडी वापरणाऱ्या माझ्यासारखीनं लीज घेऊ नये, हे मी ठामपणे सांगते.

पण भाच्याचं वेगळं आहे. दोन-तीन वर्षांत त्याला बाहेरदेशी पाठवण्याची शक्यता आहे. मग गाडी घाईनं विकावी लागेल, आणि घाईनं विकलेल्या गाडीला भाव मिळत नाही. त्याच्यासाठी लीजला अर्थ आहे. फक्त त्यातली कलमं वाचायला हवीत, आणि ती मी त्याला एकेक करून विचारायला लावली.

आरसी, म्हणजे गाडीच्या नोंदणीचं पुस्तक, कुणाच्या नावावर? काही योजनांत गाडी तुमच्या नावावर पांढऱ्या पाटीची असते. काहींत भाड्याच्या गाडीची काळी पाटी, पिवळे अंक. काळ्या पाटीची गाडी खाजगी धरत नाहीत, म्हणून १५ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालेला फास्टॅगचा टोलसाठीचा वार्षिक पास तिला चालत नाही. पुणे-सोलापूर ये-जा करणाऱ्याला हा फरक मोठा आहे. विमा लीज कंपनीच्या नावावर असेल तर दावा न केल्याची सवलत, जी वाढत पन्नास टक्क्यांपर्यंत जाते, तुमच्या खात्यावर जमा होत नाही. मध्येच गाडी परत केली तर दंड किती? परत देताना किरकोळ ओरखडा कशाला म्हणतात आणि नुकसान कशाला? ताब्यात घेतानाच चारी बाजूंचे फोटो काढून ईमेलनं पाठवून ठेव म्हटलं.

आमच्या मालकांनीही लीजची चौकशी केली होती, जीएसटी परत मिळेल या आशेनं. माणसं नेणाऱ्या, ड्रायव्हर धरून तेरापर्यंत आसनांच्या गाडीवरचा जीएसटी कलम १७(५) खाली आपल्यासारख्या कारखान्याला परत मिळत नाही, विकत घेतली तरी आणि लीजवर घेतली तरी. ते मी त्यांना दाखवलं आणि विषय मिटला. बॅटरी भाड्यानं घेण्याचा एक नवा प्रकारही आलाय. सप्टेंबर २०२४ मध्ये एमजीनं विंडसर आणली तेव्हा गाडी ९.९९ लाखांना आणि बॅटरीचं भाडं किलोमीटरला साडेतीन रुपये असा भाव सांगितला होता. गाडी स्वस्त दिसते, पण रोज चाळीस किलोमीटर जाणाऱ्याला फक्त बॅटरीचेच दिवसाला १४० रुपये पडतात, वीज वेगळी. कमी चालवणाऱ्याला परवडतं, जास्त चालवणाऱ्यानं गुणाकार करून बघावा.

भाच्याच्या कोटेशनमध्ये मोठी अडचण निघाली ती किलोमीटरची. वर्षाला दहा हजारांची मर्यादा, त्यावर प्रत्येक किलोमीटरला वेगळा आकार. तो म्हणाला, ऑफिसला तर मी कंपनीच्या बसनं जातो. मी म्हटलं, आणि सोलापूरला? हिंजवडीहून इथं जाऊन-येऊन पाचशेच्या वर. महिन्यातून दोनदा आई-वडिलांना भेटायला आलास तरी वर्षाचे बारा हजार तिथंच झाले. तो थोडा वेळ गप्प होता, मग म्हणाला, "मावशी, मी येणं कमी नाही करणार." नकोच करूस, मर्यादा वाढवून माग. त्यानं वीस हजारांचं नवं कोटेशन मागवलंय. ते आलं की माझ्याकडं पाठवणार आहे. टायर आणि बॅटरी बदलायचा खर्च कुणाचा, ही ओळ त्यात मी आधी शोधणार.