अण्णांची क्षमा आणि माझी ॲसिडिटी

बेळगावातली गणपती विसर्जनाची मिरवणूक कपिलेश्वर तलावावर पोचून संपेपर्यंत दुसरा दिवस उजाडलेला असतो. त्याची झोप अजून कुणाची भरलेली नाही. आज फौंड्रीत, म्हणजे आमच्या ओतकामाच्या कारखान्यात, अर्धे लोक डोळे चोळत होते, घसे तर सगळ्यांचेच बसलेले. मला ते सोयीचंच झालं, कुणाशी बोलावं लागलं नाही. खरं तर बोलायचं नव्हतं ते एकाच माणसाशी. अण्णांशी.

फेब्रुवारीत पंप बॉडीचा एक लॉट गिऱ्हाइकाकडून परत आला. मशिनिंग केल्यावर आत ब्लोहोल, म्हणजे वाफेनं पडलेल्या पोकळ्या, निघाल्या. साच्याची माती ओली होती. आमच्या मातीत पाणी ३ ते ४ टक्क्यांत ठेवायचं. जास्त झालं की १४०० अंशांचा धातूचा रस पडताच वाफ धरते, आणि तिला वाट मिळाली नाही तर ती कास्टिंगमध्येच अडकते. माती-पाणी कालवायचा मिक्सर अण्णांचा, पाण्याची तपासणी माझी. साहेबांनी विचारल्यावर अण्णा एवढंच म्हणाले, "टेस्टिंग ह्यांच्याकडं असतंय की." मेमो मला मिळाला.

तेव्हापासून अबोला. अण्णा घरी कन्नड, कामावर आमच्याहून चांगलं मराठी बोलतात. बेळगावात १९५६ पासून भाषेवरून काय काय चाललंय ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण आमचं भांडण निव्वळ पाण्याचं होतं.

निरोप हेल्पर पोराकरवी जायचे. जूनमध्ये मी सांगितलं "चार पॉइंट आठ", मशिनच्या आवाजात पोरानं ऐकलं "तीन पॉइंट आठ". अण्णांनी पाणी तसंच ठेवलं. अर्ध्या पाळीचे साचे फोडावे लागले. पूर्वी अशी गोष्ट चहाच्या टपरीवर दोन मिनिटांत मिटली असती. पण मी त्या टपरीवर जाणंच सोडलं होतं. रविवारी संध्याकाळ झाली की छातीत जळजळ सुरू. डॉक्टरांनी तिखट बंद करायला सांगितलं. बेळगावात राहून तिखट बंद!

आज क्षमावाणी, जैनांचा क्षमा मागायचा दिवस. अण्णा जैन, दरवर्षी या दिवशी गेटवरच्या वॉचमनपासून साहेबांपर्यंत सगळ्यांपुढं हात जोडतात. माझ्यापुढंही आले. "उत्तम क्षमा. काय चुकलं असंल तर मनात ठेवू नका." मला राग आला. ही घाऊक माफी, त्यात माझा वाटा किती? मी "बरं" म्हटलं आणि मातीतलं पाणी मोजायची बाटली धुवायला लागलो.

मुलगी मानसशास्त्र शिकते. मध्यंतरी जेवताना तिनं सांगितलं होतं, वर्दिंग्टन नावाचे अमेरिकन अभ्यासक माफी दोन तऱ्हेची मानतात. एक ठरवून केलेली, म्हणजे आता डूख धरायचा नाही असं पक्कं करणं. दुसरी मनातून, तिला वेळ लागतो. माझ्या "बरं"ला यातली कुठली म्हणायची?

पण बाटली धुताना जे आठवलं ते इथं तरी लिहितो. त्या दिवशी ही बाटली मी हलवलीच नव्हती. घाईत होतो. आधीच्या पाळीचा आकडा रजिस्टरात उतरवला आणि सही ठोकली. अण्णांना हे माहीत नाही. ते बोलले ते माझ्यावर ढकलायला, पण बोलले ते खरंच होतं. सात महिने जळजळ नेमकी कशाची होती, कोण जाणे.

दुपारी मिक्सरपाशीच उभा राहून टेस्ट घेतली. माती, कार्बाइडची पूड, झाकण घट्ट, मग दणादण हलवणं. डायलचा काटा चढला, थोडा थरथरला, थांबला. पोराला हाक न मारता मीच ओरडलो, "अण्णा, तीन पॉइंट चार!" घसा बसलेला, आवाज चिरकला.

त्यांनी वळून न बघताच व्हॉल्व्हवरचा हात काढला. "बरोबर हाय. चहाला येतायसा काय?"

गेलो. पावसाबद्दल बोललो, रताळ्याच्या दराबद्दल बोललो. रजिस्टरचं काही तोंडातून निघालं नाही. उद्या पहिली पाळी आहे. अण्णा पावणेसातलाच येतात, तेव्हा मिक्सर चालू झालेला नसतो.