फक्त वापरलेले कपडे घालायचे ठरवलं, त्याचा माझा अनुभव

गेली काही वर्षं मी स्वतःसाठी नवीन कपडा विकत घेतलेला नाही. शर्ट, पँट, टीशर्ट, स्वेटर, जॅकेट सगळं आधी कुणीतरी वापरलेलं. आतले कपडे, मोजे आणि टॉवेल तेवढे नवीन घेतो, त्यात तडजोड नाही. ओळखीतले लोक सारखं विचारतात की मिळतात कुठे, घाण नाही का वाटत, घरचे काय म्हणाले, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय.

मी मूळचा इचलकरंजीचा. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी गावात पहिला यंत्रमाग बसवला आणि तिथून गावाचं सगळं जगणंच मागावर गेलं, आमचे आण्णा पण त्यातलेच, उभी हयात दिवसपाळी-रात्रपाळीत गेली. बाहेरच्या माणसाला कापड म्हणजे दुकानातला तागा दिसतो, पण आमच्याकडे लहान पोराला पण माहीत असतं की सूत आलं की आधी सायझिंग म्हणजे सुताला खळ, मग बीम म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ, मग वहिफणीवाला त्यातला एकेक धागा मागाच्या फणीत ओवत बसतो, आडव्या धाग्याच्या कांड्या भरणारा कांडीवाला वेगळा, माग दुरुस्त करणारा जॉबर वेगळा, आणि एवढं सगळं होऊन जे निघतं ते पण कोरं कापड, त्याला पुढे धुलाई-रंगाई वेगळीच. आणि मजुरी पिकावर, म्हणजे कापडात आडवे धागे किती त्यावर, आण्णांच्या काळात तर मीटरमागे पैशांत, रुपयात नाही. रंगाईच्या पाण्याचं काय होतं ते पंचगंगेकडे बघितलं की कळतं, त्यावर वेगळं लिहायला नको.

पुण्यात नोकरीला लागल्यावर मी पण सगळ्यांसारखंच सेल लागला की चार टीशर्ट उचलायचो. पण तो भाव बघून डोक्यात हिशोब सुरू व्हायचा, की दुकानाचं भाडं, जाहिरात, वाहतूक, शिलाई, रंगाई हे सगळं वजा केलं तर विणणाऱ्याच्या हातात नक्की काय उरलं असेल? त्यात ढाक्याजवळच्या साभारमधल्या राणा प्लाझाबद्दल नीट वाचलं. 24 एप्रिल 2013 ला आठ मजल्यांची इमारत कोसळली, 1,134 माणसं गेली, त्यात बहुतेक कपडे शिवणाऱ्या बायका. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते, खालची बँक आणि दुकानं बंद ठेवली, आणि शिवणाऱ्यांना मात्र कामावर बोलावलं. ते वाचल्यावर स्वस्त कपड्याकडे बघायची माझी नजर कायमची बदलली. एका साध्या सुती टीशर्टला कापसापासून धरून साधारण 2,700 लिटर पाणी लागतं असा आकडा सगळीकडे देतात, तो जगाचा सरासरी हिशोब आहे, आपल्या विदर्भातला बहुतेक कापूस कोरडवाहू असतो, तरी पण एवढी मेहनत ओतलेली वस्तू पाच-सहा धुण्यात गळा ताणला म्हणून टाकून द्यायची हे मला पटेना.

घरी सांगितलं तर आईचा पहिला प्रश्न, मेलेल्या माणसाचे असले तर? माझं म्हणणं की असतील, त्यात काय. आपल्याकडे तान्ह्या बाळाला पहिले काही दिवस जुनंच घालतात, मऊ पडलेल्या धोतराची लंगोटी, आजीच्या साडीची दुपटी, आणि वाकळ तर आख्खी घरातल्या जुन्या लुगड्यांचीच असते, त्याच वाकळेत आम्ही सगळे वाढलो. आईला हे पटायला वेळ लागला, पण पटलं. सख्ख्या नात्यातलं जुनं चालतं आणि परक्याचं चालत नाही यामागे जात पण असते, हे पण मी तिला स्पष्ट बोललो. उतरलेले कपडे कुणी कुणाला द्यायचे आणि कुणी मुकाट्याने घालायचे हे गावात ठरलेलं असायचं. म्हणून ज्यांना ते नाइलाजाने घालावे लागले त्यांनी "मला नवीनच पाहिजे" म्हटलं तर मी त्यांना एक शब्द बोलणार नाही.

आण्णांचा प्रश्न जास्त अवघड होता. "सगळीच अशी वागाय लागली तर माग चालायचं कशावर?" यावर माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं आणि मी ओढून ताणून दिलं पण नाही. नंतर बऱ्याच वेळा आम्ही यावर बोललो. मी म्हटलं, आण्णा, कापडाचा खप इतका वाढला, पण तुमची मीटरमागची मजुरी त्या मानाने वाढली का? ते गप्प बसले, मग म्हणाले, "भाव पाडून इकत्यात म्हणूनच मजुरी वाढत न्हाई." मला वाटतं मुद्दा तोच आहे. जास्त घेतल्याने विणणाऱ्याचं भलं झालं असतं तर आमची गल्ली श्रीमंत असती. घरात चादर, टॉवेल, पंचा लागला तर मी अजून पण नवीनच घेतो आणि बघून, चार पैसे जास्त देऊन घेतो, आण्णांनी ते मान्य केलंय, बाकीचं पूर्ण पटलंय असं नाही.

आता मिळतात कुठे ते. पुण्यात बुधवार आणि रविवारी जुना बाजार भरतो, लोक तिथे नाणी, घड्याळं, हत्यारं बघायला जातात पण कपड्यांचे ढीग पण असतात, सकाळी लवकर गेलात तर चांगला माल हाताला लागतो. बोहारणींना आपण जुने कपडे देऊन स्टीलची भांडी घेतो, पण ते कपडे पुढे कुठे जातात याचा विचार कोण करतं? त्या बायका रात्री बसून माल निवडतात, धड असलेला वेगळा, उसवलेला वेगळा, मग धुवून, शिवून, इस्त्री करून बाजारात मांडतात, आणि अगदीच गेलेलं सुती गॅरेजमध्ये पुसायला जातं. या धंद्यातली बरीच कुटुंबं गुजरातेतून आलेली वाघरी समाजाची, आणि बराच जुना कपडा त्यांच्या हातून फिरतो. माझ्या मते या बायकांइतकी कापडाची पारख मोठ्या दुकानातल्या सेल्समनला नसते. त्यांच्याशी फार घासाघीस करू नका एवढी विनंती आहे.

इन्स्टावरच्या थ्रिफ्ट पेजवरून, म्हणजे वापरलेले कपडे विकणाऱ्या पेजवरून पण घेतलंय, पण तिथे नीट विचारून घ्या. बरेच जण एक्स्पोर्ट सरप्लस विकतात, म्हणजे न वापरलेला उरलेला माल, तो वाईट नाही पण सेकंडहँड नाही. बाहेरच्या देशातले घालण्याजोगे जुने कपडे आणायला आपल्याकडे परवाना लागतो, मोकळेपणाने येतात त्या चिंध्या, आणि त्या पानिपतला जातात, तिथे जुन्या लोकरीचं परत सूत काढून ब्लँकेट बनवतात.

पुरुषांना एक मोठी अडचण आहे. आपण शर्ट एवढा वापरतो की त्याचं थेट फडकंच होतं, त्यामुळे बाजारात बायकांचे कपडे भरपूर आणि आपले कमी. ऑफिसच्या पँट तर फारच कमी. त्यावर मला सापडलेला उपाय म्हणजे वजन वाढलेले मित्र, त्यांच्या कपाटात एक-दोनदा घातलेल्या पँट पडून असतात आणि मागितल्या की ते आनंदाने देतात. पहिल्यांदा मागताना जीभ रेटत नाही, नंतर सवय होते.

घेताना काय बघायचं हे मला आण्णांनीच शिकवलं, विरोध असून. कापड उजेडासमोर धरायचं, कोपर, कॉलरची घडी आणि मांडीची आतली बाजू विरलेली लगेच दिसते. काखेत पिवळे डाग असतील तर सोडून द्यायचं, ते जात नाहीत. शिवण उलटून आत माया, म्हणजे शिवणीतलं जास्तीचं कापड, किती सोडलीय ते बघायचं, जुन्या टेलरने शिवलेल्या पँटला कमरेला चांगली दोन बोटं माया असते, ती उसवून वाढवता येते, रेडिमेडला नसतेच. सुती आहे का पॉलिस्टर हे कळत नसेल तर आतल्या शिवणीतला एक धागा काढून जाळायचा, सुती कागदासारखं जळून राख होते, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. अर्थात हे विकणाऱ्याला विचारून.

घरी आणल्यावर कपडा कपाटात सरळ ठेवायचाच नाही. सुती असेल तर कडक गरम पाण्यात भिजवायचा, मग साबण, मग दोन दिवस कडक ऊन, उलटा करून, आणि शिवणींवरून गरम इस्त्री. डांबरगोळ्यांचा वास मात्र चिवट असतो, त्याला व्हिनेगरच्या पाण्यात रात्रभर ठेवून परत उन्हात टाकावं लागतं. लोकरीला आणि रेशमाला गरम पाणी चालत नाही, त्यांना रिठा आणि सावली.

खर्च म्हणाल तर कपड्यापेक्षा दुरुस्तीवर जास्त जातो. शर्ट शंभर-दीडशेला मिळतो आणि खांदे बारीक करायला टेलर तेवढेच घेतो, खांदा शक्यतो बरोबर बसणाराच घ्या, लांबी-रुंदी काय, सहज होते. रफूवाले मात्र कमी होत चाललेत, कुणी चांगला मिळाला तर त्याला धरून ठेवा.

सगळ्यात जास्त बोलाचाली झाली ती आहेरावरून. लग्नात कुणी शर्टपीस दिला तर मी नाकारत नाही, समोरच्याच्या मायेचा अपमान कशाला करायचा. तो तसाच न शिवता ज्याला खरंच गरज आहे त्याला देतो. बहिणीच्या लग्नात मामाचा सिल्कचा कुर्ता घातला, त्याच्या स्वतःच्या लग्नातला, बाह्या थोड्या आत घेतल्या एवढंच. मामाने तो मांडवात येणाऱ्या प्रत्येकाला दाखवला.

दोन गोष्टी अजून सुटलेल्या नाहीत. एक बूट, दुसऱ्याच्या पायाचा आकार घेतलेला बूट माझ्या टाचेला त्रास देतो, म्हणून ते नवीन घेतो आणि तळ बदलून बदलून वापरतो. दुसरं पावसाळी जॅकेट, जुन्याचा आतला थर सुटलेला असतो आणि इचलकरंजीच्या एसटीत बसेपर्यंत आतून ओलं. यंदा जुन्या छत्रीचं कापड आतून लावून शिवायचा विचार आहे, टेलर तयार झालाय, जमलं की कळवतो.